लेकराचा वाढदिवस घरीच: २० मुलांच्या खाऊचा बेत, मापं आणि वेळापत्रक

घरच्या वाढदिवसात बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट चुकते. बेत लेकरांच्या नावाने ठरतो आणि स्वयंपाक मोठ्यांच्या ताटाचा होतो. पावभाजी, पुलाव, गुलाबजाम, वर केक आणि आइस्क्रीम. लेकरं केकवरचं क्रीम चाटतात, दोन वेफर्स तोंडात कोंबतात आणि खेळायला पळतात. मग रात्री दहा वाजता पावभाजीचं अर्धं पातेलं शेजारीपाजारी वाटत फिरायचं.

सहा-सात वर्षांचं लेकरू खेळाच्या भरात दहा मिनिटांपेक्षा जास्त एका जागी बसत नाही. तेवढ्या वेळात जे पोटात जाईल तेच खरं. म्हणून बेत पाच गोष्टींचा ठेवा: द्रोणातला एक गरम पदार्थ, हातात धरून खाता येईल असा एक, कुरकुरीत एक, गोडात केक आणि प्यायला सरबत. सहावा पदार्थ वाढवला की पाचही थोडे थोडे उरतात.

खाली दिलेली मापं ४ ते १० वर्षांची २० मुलं आणि १२ मोठी माणसं अशी धरली आहेत. वेळ संध्याकाळी ५ ते साडेसात.

आधी माणसं मोजा

बोलावलेल्या मुलांची यादी २० ची असेल तर १७-१८ येतील. पण त्यांच्याबरोबर कडेवरची आणि बोटाला धरलेली भावंडंही येतील, त्यामुळे आकडा पुन्हा २०-२२ वरच जातो. लहान मुलांच्या आया थांबतात. सात वर्षांच्या पुढच्या मुलांना बहुतेक जण दारात सोडून जातात. आजी-आजोबा, मामा-मावशी आणि गल्लीतली दोन-तीन घरं धरली की मोठी माणसं १२ होतात.

निरोपातच स्पष्ट सांगा: "५ वाजता केक आणि खाऊ आहे." नुसतं "वाढदिवसाला या" म्हटलं की आपल्याकडे माणसं साडेसातला येतात आणि जेवण धरून येतात. मोबाइलवर निरोप पाठवताना "अल्पोपाहार" हा शब्द घातला तर कुणाला वाईट वाटत नाही आणि अंदाजही चुकत नाही.

त्याच निरोपात दोन गोष्टी विचारून घ्या. कुठल्या लेकराला शेंगदाणा, दूध किंवा गव्हाचं वावडं आहे का? आणि कुणाकडे कांदा-लसूण चालत नाही का? जैन घरातलं एक लेकरू असेल तर त्याच्यापुरता वेगळा वाडगा आधीच बाजूला काढता येतो. ऐन वेळी कळलं तर ते बिचारं नुसतं कुरकुरीत खात बसतं. आणि तारखेचा वार पाहा. सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी किंवा श्रावण असेल तर मोठ्यांपैकी तीन-चार जण उपवासाचे निघणारच. त्यांच्यासाठी वेगळा स्वयंपाक नको. केळी आणि उपवासाला चालणारा बटाट्याचा चिवडा घरात असला की भागतं.

बेत

द्रोणात चुरमुऱ्यांचा सुशीला, म्हणजे भिजवून पोह्यांसारखे फोडणीला टाकलेले चुरमुरे. हातात बटाट्याचं चौकोनी सँडविच. कुरकुरीत म्हणून तळलेल्या नळ्या. बिनअंड्याचा केक. लिंबाचं सरबत आणि सोबत केळीचे तुकडे.

सुशीला का, तर लातूर, परभणी, नांदेड, धाराशिव या पट्ट्यात तो घरोघरी होतो, लेकरांच्या ओळखीचा असतो, पोटाला हलका आहे आणि ऐन वेळी पंधरा मिनिटांत गरम तयार होतो. इडलीही चांगली, पण ३२ माणसांची इडली म्हणजे घरच्या पात्रात सहा-सात घाणे. शिवाय पीठ मे महिन्यात चार-पाच तासांत आंबून फसफसतं आणि डिसेंबरात रात्रभर ठेवूनही फुगत नाही. रोज इडली करणाऱ्यांनी जरूर करावी, वाढदिवसाच्या दिवशी पहिला प्रयोग नको.

पाणीपुरी, मेयोनीज लावलेले पदार्थ आणि बाहेरून आणलेल्या ओल्या चटण्या वगळा. पाणीपुरीत पाण्याची खात्री नाही आणि मेयोनीज मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात तासाभरात धोक्याचं होतं. नूडल्स दिसायला सोपे वाटतात, पण वीस प्लेटा भरेपर्यंत पहिली थंड होऊन चिकटते.

सुशीला: इथे घाई चालत नाही

चुरमुरे लागतील १ किलो ५० ग्रॅम. हा आकडा वाचायला लहान वाटतो, प्रत्यक्षात तेवढ्यात मोठी बादली भरते. एका कपात जेमतेम १५ ग्रॅम चुरमुरे मावतात, म्हणजे किलोला १६ लिटर जागा लागते. भिजल्यावर ते तिसऱ्या हिश्शावर येतात, तरी घरच्या कढईत एका दमात होत नाहीत. म्हणून ३५० ग्रॅमचे तीन घाणे करा. त्यात फायदाच आहे: उशिरा येणाऱ्यांनाही गरम मिळतो.

चुरमुरे घेताना जाड पाहून घ्या, भडंगाला वापरतात तसे. पातळ, पांढरेशुभ्र चुरमुरे पाण्यात पडले की विरघळून लापशी होते. पुडा फोडल्यावर वास घ्या. जुन्या चुरमुऱ्यांना खवट, धुळकट वास येतो आणि तो फोडणीने जात नाही. चुरमुरे वाळूत भाजतात, त्यामुळे आधी चाळणीने चाळून घ्या, तळाला बारीक रेती निघते. दोन दाणे खाऊनही पाहा. बरेचसे चुरमुरे आधीच खारट असतात आणि सुशीला खारट होण्याचं नेहमीचं कारण हेच.

एका घाण्याचं माप:

चुरमुरे ३५० ग्रॅम, तेल ७५ मिली म्हणजे पाच टेबलस्पून, मोहरी दीड चमचा, जिरे १ चमचा, हिंग अर्धा चमचा, हळद १ चमचा, कढीपत्त्याची १५ पानं, बारीक चिरलेले मध्यम कांदे ३ (३०० ग्रॅम), हिरव्या मिरच्या २, डाळव्याचं (भाजक्या चणाडाळीचं) भरड पीठ ६० ग्रॅम, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट ६० ग्रॅम, साखर २ चमचे, मीठ १ चमचा (चुरमुरे खारट असतील तर आधी अर्धाच), लिंबं २, कोथिंबीर मूठभर. चमचा म्हणजे इथे चहाचा, ५ मिलीचा.

मिरची बारीक चिरू नका. एका मिरचीचे दोनच उभे तुकडे करा, म्हणजे वाढताना डोळ्याला दिसतात आणि काढून टाकता येतात. घरातल्या लेकरांना तिखटाची सवय असेल, येणाऱ्या सगळ्यांना असेलच असं नाही. मोठ्यांसाठी बाजूला ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी ठेवली की त्यांचीही तक्रार राहत नाही.

शेंगदाणे अख्खे घालू नका, कूटच घाला. चार वर्षांखालच्या लेकराच्या घशात अख्खा दाणा अडकण्याचा धोका असतो, आणि पळता पळता खाणाऱ्या मोठ्या लेकरालाही तो असतोच. कुणाला शेंगदाण्याचं वावडं असेल तर त्याच्या घाण्यातला कूट वगळून डाळव्याचं पीठ १०० ग्रॅमपर्यंत वाढवा. तो घाणा सगळ्यांत आधी, स्वच्छ कढईत आणि वेगळ्या उलथन्याने करा.

आता भिजवणं. मोठ्या घमेल्यात किंवा परातीत पाणी घ्या. चुरमुरे दोन-तीन मुठी टाका, तळव्याने दाबून पाण्याखाली घाला आणि मनात पंधरापर्यंत मोजा. लगेच दोन्ही हातांनी उचलून अलगद पिळा आणि चाळणीत टाका. बोटांत धरलेला दाणा दाबला तर मऊ लागला पाहिजे, पण मधोमध किंचित घट्ट राहिला पाहिजे. उरलेला मऊपणा वाफेत येतो. सगळे चुरमुरे एकदम भिजत घातले की वरचे कोरडे राहतात आणि खालच्यांचा लगदा होतो. करकचून पिळले तर गोळे होतात आणि ते कढईत सुटत नाहीत.

कढईत तेल तापवा, मोहरी तडतडू द्या, मग जिरे, हिंग, कढीपत्ता आणि मिरची. कांदा घालून मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं परता. तो पारदर्शक व्हावा, तांबूस नको. तांबूस कांद्याने सुशील्याचा पिवळा रंग मळतो. हळद, मीठ, साखर घाला आणि लगेच भिजवलेले चुरमुरे. वर डाळव्याचं पीठ आणि कूट पसरा. उलथन्याने खालून वर, उचलून उचलून हलवा. ढवळलं तर दाणा मोडतो. झाकण ठेवून मंद आचेवर तीन मिनिटं वाफ आणा. खाली उतरवून लिंबू पिळा. आचेवर असताना लिंबू पिळलं तर कधी कधी कडवट चव येते.

चुकून जास्त भिजलेच तर? डाळव्याचं पीठ आणखी दोन-तीन चमचे भुरभुरवा, झाकण काढून दोन मिनिटं परता. डाळवं जास्तीचं पाणी ओढून घेतं. उलट, कोरडे आणि चिवट झाले असतील तर दोन चमचे गरम पाण्याचा हबका मारून झाकण ठेवा.

सुशीला आधी करून ठेवू नका. अर्ध्या तासात तो घट्ट बसतो आणि पुन्हा गरम केला की चिवट होतो. कांदा चिरलेला, पीठ दळलेलं, कूट तयार, लिंबं अर्धी कापलेली असली की पहिला घाणा ओवाळणी सुरू झाल्यावर चढवता येतो.

सँडविच ओलं का होतं

ब्रेडचे ४० स्लाइस लागतील, म्हणजे २० सँडविच. प्रत्येकाचे चार चौकोन केले की ८० तुकडे होतात: लेकरांना तीन-तीन, बाकी मोठ्यांना. पुड्यावर स्लाइसची संख्या लिहिलेली नसते, म्हणून दुकानातच मोजून घ्या. ब्रेड त्याच दिवशीचा हवा. कडा कापायच्या की नाही, हे घरात ठरवा. कापल्या तर त्या वाळवून त्यांचा चुरा करता येतो.

बटाटे १ किलो, सकाळी उकडून सोलून परातीत पसरा. गरम बटाटा झाकून ठेवला की वाफेने आंबट वास येऊ लागतो. गार झाल्यावर मोडून त्यात मीठ २ चमचे, जिरेपूड १ चमचा, आमचूर १ चमचा, साखर १ चमचा आणि कोथिंबीर घाला. हा गोळा मऊ पण कोरडा हवा. काकडी आणि टोमॅटो नको: दोन्हींना मीठ लागताच पाणी सुटतं आणि अर्ध्या तासात ब्रेडचा चिखल होतो.

हिरवी चटणी घट्ट करायची. कोथिंबीर २ मोठ्या जुड्या, मिरची एकच, आलं बोटाच्या पेराएवढं, डाळवं ५० ग्रॅम, एका लिंबाचा रस, मीठ आणि साखर चवीपुरती, पाणी फक्त मिक्सर फिरण्याइतकं आणि तेही फ्रिजमधलं गार. गार पाणी आणि लिंबू यांमुळे रंग हिरवा टिकतो, डाळव्यामुळे चटणी ब्रेडमध्ये झिरपत नाही. मिक्सरचं सगळं काम सकाळीच उरका. संध्याकाळी साडेचारला लाइट गेली तर डाळवं पाट्यावर वाटायला वेळ नसतो.

आणि मुख्य गोष्ट: दोन्ही स्लाइसना आतून आधी लोणी लावा, काठापर्यंत. २० सँडविचना २५० ग्रॅम लागतं. लोण्याचा थर ब्रेड आणि चटणी यांच्यामध्ये आडवा राहतो आणि ओल आत जाऊ देत नाही. चटणी एकाच बाजूला आणि पातळ. अर्ध्या सँडविचवर चटणीऐवजी नुसता टोमॅटो सॉस लावा. हिरवं पाहून तोंड फिरवणारी तीन-चार लेकरं प्रत्येक वाढदिवसात असतात.

कापल्यावर तुकडे एकमेकांना चिकटून डब्यात रचा, वर ओलं करून घट्ट पिळलेलं सुती कापड टाका. हिवाळ्यात दोन तास राहतील. एप्रिल-मेमध्ये ४० अंशांच्या वर पारा असताना एका तासापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. डबा फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर कापड पुरेसं नाही, झाकणही लावा, नाहीतर ब्रेड कडक होतो.

नळ्या आणि केळी

बोटात घालून खायच्या पिवळ्या नळ्या २०० ग्रॅम कच्च्या घेतल्या तर पुरतात, तळल्यावर मोठा डबा भरतो. दहा बोटांत दहा नळ्या घालून एकेक कुरतडणं हा लेकरांचा अर्धा वाढदिवस असतो, म्हणून चकली-शेवेचा खर्च इथे वाचवा. तेल चांगलं तापलेलं हवं. थंड तेलात नळी फुलत नाही, मधे कच्ची आणि कडक राहते. दुपारी तळून पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरल्या तर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतात. पावसाळ्यात डब्यात तळाला कागद घाला आणि वाढायच्या क्षणीच झाकण उघडा.

केळी दीड डझन. अर्धापूरच्या बाजूची केळी नांदेड-परभणीत सहज मिळतात. दोन दिवस आधी थोडी हिरवट घेतली की त्या दिवशी बरोबर पिकतात. ऐन वेळी जाड चकत्या करा आणि लिंबाच्या रसाचे काही थेंब फिरवा, काळ्या पडत नाहीत. द्राक्षं ठेवायची असतील तर लहानांसाठी उभी चिरून. सीताफळाचा मोसम असला तरी वाढदिवसाच्या गर्दीत ते नको. एवढ्या बिया वीस लेकरांच्या तोंडातून कोण मोजून काढणार?

केक

६० ग्रॅमचा तुकडा धरला तर ३२ जणांना दोन किलो लागतो. विकत घ्यायचा असेल तर मार्च ते जून या काळात दुकानदाराला क्रीम कुठलं आहे ते विचारा. लोण्याचं आणि ताजं दुधाचं क्रीम आपल्या उन्हात उभं राहत नाही. वनस्पती तेलाचं फेटलेलं क्रीम थोडं जास्त टिकतं, पण तेही फ्रिजमधून काढल्यावर अर्ध्या तासापुरतंच. त्यामुळे केक आधी टेबलावर मांडून फोटोसाठी ताटकळत ठेवू नका. ओवाळण्याचं ताट तयार झालं, लेकरू पाटावर बसलं, मगच केक बाहेर.

उन्हाळ्यात क्रीमशिवायचा घरचा केक जास्त बरा, आणि तो आदल्या रात्री करता येतो. एका केकचं माप: मैदा दीड कप, ताजं दही १ कप, पिठीसाखर १ कप, वास नसलेलं तेल अर्धा कप, बेकिंग पावडर सव्वा चमचा, खाण्याचा सोडा अर्धा चमचा, व्हॅनिला इसेन्स १ चमचा. कप २४० मिलीचा. दही आणि साखर फेटून त्यात बेकिंग पावडर आणि सोडा घाला आणि पाच मिनिटं ठेवा. मिश्रणावर बुडबुडे येऊन ते फुगतं. मग तेल, इसेन्स आणि दोनदा चाळलेला मैदा दोन-तीन वेळा करून घाला, गुठळी मोडेपर्यंतच हलवा. फार फेटलं तर केक रबरासारखा होतो. आठ इंची डब्याला तेल-मैदा लावून लगेच भाजायला ठेवा, कारण बुडबुडे फार वेळ टिकत नाहीत. अर्धा तास मिश्रण पडून राहिलं तर केक बसका होतो.

ओव्हन असेल तर १८० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं. नसेल तर जाड कढईत स्टँड ठेवा, झाकण घालून दहा मिनिटं तापवा, मग डबा ठेवून मंद-मध्यम आचेवर ४५ मिनिटं. पहिली ३० मिनिटं झाकण उघडायचं नाही; गार हवा लागली की मधोमध खड्डा पडतो. सुरी घालून कोरडी निघाली की झाला. दही आंबट असेल तर चव बिघडते, म्हणून सकाळचं विरजलेलं घ्या. असा एक केक साधारण सहाशे ते साडेसहाशे ग्रॅमचा होतो. तीन करा, दोन शेजारी शेजारी लावून वर जॅमचा पातळ थर आणि रंगीत बडीशेप, तिसरा आत कापून तयार.

गोडात केकच पुरे. पेढे ठेवायचेच असतील तर खमंग भाजलेल्या खव्याचे, कोरडे घ्या. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याचा पेढा घरी येत असेल तर उत्तमच, पण ओला, पांढरा खवा उन्हाळ्यात एका दिवसात आंबतो.

मेणबत्ती लावायच्या वेळी फवारणीचं नकली बर्फ हातात कुणी घेऊ नये. त्यातला वायू पेट घेतो आणि चेहरे भाजण्याचे अपघात यातूनच होतात. चमकीच्या नळकांड्याही केकपासून लांब. ती चमकी क्रीममधून निवडता येत नाही.

सरबत आणि पाणी

माणशी २०० मिली धरून ७ लिटर सरबत करा. लिंबं १८ (लहान, सुकी असतील तर २२), साखर ७०० ग्रॅम, मीठ दीड चमचा, वेलचीपूड १ चमचा. साखर आदल्या रात्री ७०० मिली गरम पाण्यात विरघळवून गार करून ठेवा. ऐन वेळी साखर ढवळत बसलं की ती तळाला राहते आणि पहिले दहा ग्लास आंबट, शेवटचे दहा पाक होतात. लिंबाचा रस शेवटी, वाढण्याआधी तासभर.

मोसंबीचा रस करायचा मोह जालन्याकडे होतोच, घरात फळ असतं. पण काढलेला रस तासाभरात कडवट होत जातो. मोसंबी हवी असेल तर फोडी करा, बिया काढून. उन्हाळ्यात कैरी असेल तर पन्हं: १ किलो कैरी उकडून गर काढा, तेवढ्याला १ किलो गूळ, वेलची आणि मीठ. हा गर फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतो. एका ग्लासाला दोन-अडीच मोठे चमचे पुरतात.

बर्फ घरच्या फ्रिजमधला. कारखान्यातली लादी पेयात घालू नका. न खाण्याचा बर्फ निळसर रंग घालून विकायचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, तरी गाड्यावर येणारा पांढरा बर्फ खाण्याचाच असेल असं धरून चालू नका. लादी हवीच असेल तर टोपलीत ठेवून सरबताचं पिंप बाहेरून गार करायला वापरा.

पिण्याच्या पाण्याचे २० लिटरचे दोन जार मागवा. एकात भागेल असं वाटतं, पण लेकरं ग्लास अर्धा पिऊन ठेवतात आणि दुसरा घेतात. ग्लासावर पेनाने नाव लिहायला एका मोठ्या मुलीला बसवा, निम्मं पाणी आणि निम्मे ग्लास वाचतात. हात धुवायला नळाची बादली आणि साबण जिन्याशीच.

त्या दिवसाचं वेळापत्रक

आदल्या दिवशी केक, साखरेचा पाक, शेंगदाण्याचा कूट, डाळव्याचं पीठ आणि चुरमुरे चाळून ठेवणं. सकाळी ९ ते ११ बटाटे आणि चटणी, दोन्ही गार करून फ्रिजमध्ये. दुपारी २ वाजता नळ्या तळणं आणि कांदा चिरणं. साडेतीन ते साडेचार सँडविच, दोघांनी मिळून: एकाने लोणी-चटणी, दुसऱ्याने बटाटा आणि सुरी. ४ वाजता सरबत. सव्वापाचच्या सुमारास पहिल्या घाण्याचे चुरमुरे भिजवायचे.

लेकरांना एका बाजूला सतरंजीवर पंगतीत बसवा. टेबलावर मांडून "घ्या लागेल तसं" म्हटलं की प्लेटा काठोकाठ भरतात आणि निम्म्या टाकल्या जातात. आधी सुशीला आणि सँडविच, मग नळ्या, केक सर्वांत शेवटी प्लेटीत. केक आधी खाल्ला की पुढचं काहीच जात नाही. द्रोणात पहिल्यांदा दोन पळ्याच वाढा. भुकेलं लेकरू स्वतः मागतं. कागदी किंवा पानांचे द्रोण-पत्रावळी घ्या. थर्माकोलच्या आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या प्लेटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि गरम सुशीला थर्माकोलात वाढू नयेच.

मोठ्यांना त्याच वेळी वाढू नका. लेकरांची पंगत उठली की दुसरा घाणा चढवा, तोवर त्यांना सरबत द्या. तिसरा घाणा माणसं मोजून: गरज नसेल तर चुरमुरे कोरडेच राहतात आणि उद्याच्या चिवड्याला उपयोगी पडतात.

पूर्ण जेवण द्यायचंच असेल तर

सुशीला आणि सँडविच दोन्ही रद्द करून मुगाची मऊ खिचडी, कढी, पापड आणि केक ठेवा. तांदूळ दीड किलो, मूगडाळ ६०० ग्रॅम. घरच्या ५ लिटरच्या कुकरात एका वेळी अर्धा किलोच डाळ-तांदूळ बसतात, कारण कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नसतो. म्हणून १५ लिटरचं पातेलं भाड्याने आणा. मोठ्यांना वरून येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) घातलेली आमटी केली की त्यांचंही जेवण होतं. शिजलेला भात दोन तासांपेक्षा जास्त कोमट ठेवू नका. त्यातल्या जंतूंचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

उरलेलं

ताटातलं उष्टं सोडून द्या. बाहेर दोन तास राहिलेलं सँडविच टाका, त्याच्याशी भावनेने वागू नका. न उघडलेल्या डब्यातल्या नळ्या आठवडाभर राहतात. क्रीमचा केक त्याच रात्री फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवा. बिनक्रीमचा तीन दिवस टिकतो. फ्रिजमध्येच राहिलेली हिरवी चटणी आणि बटाट्याचा गोळा असेल तर सकाळी ज्वारीच्या पिठात मळून धपाटे थापा. मीठ मात्र पिठात घालू नका, दोन्हींत ते आधीच आहे.